टॅबलेट स्वस्तातला की महागडा: किमतीला महिन्यांनी भागून पाहा

प्रश्न: घरात टॅबलेट घ्यायचा आहे. मुलगी कॉलेजात आहे. रोज तीन-चार तास पीडीएफ वाचायच्या आणि त्यांवरच हाताने नोट्स काढायच्या, असा तिचा वापर. आईला व्हिडिओ कॉल करायला आणि व्हिडिओ बघायला हवा. २०१९ मध्ये घेतलेला स्वस्त टॅबलेट (अँड्रॉइड ९, ३ जीबी रॅम) दोन वर्षांतच अडखळू लागला, आता कपाटात पडून आहे. या वेळी समोर दोन पर्याय आहेत. एक स्वस्त, पण दुकानदार म्हणतो त्यात १२ जीबी रॅम आहे. दुसरा नामांकित कंपनीचा सगळ्यात वरचा, किंमत पहिल्याच्या चौपट, आणि सात वर्षं बघायला नको असं सांगतात. निदान पाच वर्षं तरी चालावा अशी अपेक्षा आहे. दोघींत मिळून एकच घ्यायचा, तर कोणता घ्यावा?

उत्तर: आधी ‘दोघींत एकच’ हा विचार सोडा. मुलीचा टॅबलेट रोज कॉलेजात जाणार आणि आईला कॉल घरी येणार, ही तर उघड अडचण आहे. दुसरी तांत्रिक आहे. बऱ्याच अँड्रॉइड टॅबलेटवर दोन वेगळे यूजर करता येतात, पण दोघांच्या अ‍ॅप्सचा डेटा वेगवेगळा साठतो आणि मागे दोघांचीही कामं चालू राहिली की रॅम वाटली जाते. आयपॅडवर घरगुती वापरासाठी वेगळे यूजर करण्याची सोयच नाही. मुलीसाठी तुम्ही सांगितलेल्या दोन्हींच्या मधला, साधारण स्वस्ताच्या दुप्पट किमतीचा टॅबलेट घ्या. आईसाठी स्वस्तातला चालेल, मात्र तो पारखून घ्यायला हवा. चौपट किमतीचा तुमच्या कामाला लागत नाही.

असं का, ते हिशेबाने बघा. स्वस्त टॅबलेटची किंमत १०० धरा, कव्हरचे ५ मिळवा. तो अडीच वर्षं नीट चालला तर १०५ भागिले ३०, म्हणजे महिन्याला साडेतीन. मधल्याची किंमत २२०, पेन आणि कव्हरचे २५, चौथ्या वर्षी नव्या बॅटरीचे २०, असे २६५ झाले. पाच वर्षांनी विकून ३० आले तर २३५ भागिले ६०, महिन्याला साधारण ३.९. वरचा ४००, पेन-कव्हरचे ५० आणि बॅटरीचे २५ धरून ४७५. सात वर्षांनी विकून ९० आले तर ३८५ भागिले ८४, म्हणजे ४.६. हे आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या बाजारातल्या किमती घालून हाच हिशेब पुन्हा करा.

यातून दोन गोष्टी दिसतात. महागडा टॅबलेट ‘शेवटी स्वस्तच पडतो’ असं सर्रास म्हणतात, ते खरं नाही. पूर्ण सात वर्षं वापरूनही तो महिन्याच्या हिशेबात वरच राहतो. पण स्वस्त टॅबलेट दीड वर्षात टाकून द्यावा लागला, तर १०५ भागिले १८ म्हणजे महिन्याला ५.८ पडतात, आणि तोच तिघांत सगळ्यात महाग ठरतो. दोन वर्षांवर तो वरच्या टॅबलेटच्या जवळपास बरोबरीला येतो. म्हणजे स्वस्तातला घेताना प्रश्न एवढाच उरतो: हा दोन वर्षांच्या पुढे, न चिडता वापरता येईल असा टिकेल का? ते मुख्यतः रॅम, स्टोरेजचा प्रकार आणि अपडेटची मुदत या तीन गोष्टींवर ठरतं. घेतल्यानंतर यांतलं काहीही बदलता येत नाही.

रॅमपासून सुरुवात करू, कारण १२ जीबीचा दावा तिथलाच आहे. खोक्यावर बारीक अक्षरात बहुधा ४+८ असं लिहिलेलं सापडेल. त्यातली खरी रॅम ४ जीबी. उरलेली ८ जीबी ‘व्हर्च्युअल’, म्हणजे स्टोरेजचा एक तुकडा रॅमसारखा वापरायचा. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पटींनी मंद असतं, त्यामुळे या आठांचा वेगाला उपयोग नगण्य. उलट त्यावर सतत लिहिणं-पुसणं चालू राहतं आणि स्वस्त स्टोरेज लवकर झिजतं. सेटिंग्जमध्ये हा पर्याय असेल तर बंद करून बघा. स्वस्त टॅबलेट बऱ्याचदा त्याने सुधारतो.

रॅम टॅबलेटचं आयुष्य किती लांबवते, याचं उत्तम उदाहरण अ‍ॅपलच्या जुन्या यादीत आहे. २०१४ चा आयफोन ६ आणि २०१५ चा आयपॅड मिनी ४, दोन्हींत ए८ हीच चिप. आयफोनला १ जीबी रॅम होती, मिनीला २. आयफोन ६ आयओएस १२ वर थांबला. मिनी ४ आयपॅडओएस (आयओएसचंच आयपॅडसाठीचं रूप) १५ पर्यंत गेला. एका जीबीने तीन मोठ्या आवृत्त्या जास्त मिळाल्या. म्हणून अँड्रॉइडमध्ये पाच वर्षांसाठी ८ जीबी खरी रॅम घ्या. आईच्या वापराला ६ पुरेल, ४ मध्ये पहिल्याच वर्षाअखेर तारांबळ सुरू होईल. आयपॅडच्या खोक्यावर रॅमचा आकडा नसतो आणि आयपॅडओएस मेमरी वेगळ्या तऱ्हेने सांभाळतं, त्यामुळे तिथे चिपची पिढी बघायची.

आता स्टोरेज. जाहिरातीत ६४ किंवा १२८ जीबी हा आकडा ठळक असतो, प्रकार मात्र सांगत नाहीत. स्वस्तात बहुतेक ईएमएमसी असतं, वरच्यांत यूएफएस. ईएमएमसी ५.१ ची वाचण्याची गती सेकंदाला साधारण २५०–३०० एमबी, यूएफएस २.२ ची त्याच्या तिपटीच्या आसपास आणि यूएफएस ३.१ ची आणखी दुप्पट. पण वेगाहून मोठा फरक दुसरा आहे. ईएमएमसी एका वेळी एकतर वाचतं किंवा लिहितं. यूएफएस दोन्ही एकदम करतं. म्हणूनच मागे अ‍ॅप अपडेट होत असताना स्वस्त टॅबलेट गोठल्यासारखा होतो: तुम्ही पान उलटता तेव्हा वाचायचं असतं, आणि तिथे आधीच लिहिण्याची रांग लागलेली असते.

दोन वर्षांनी तो आणखी मंदावतो याचं कारणही इथेच आहे. हे दोन्ही प्रकार फ्लॅश मेमरीचे, आणि तिच्यात जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी एक अख्खा ब्लॉक (जागेचा ठरावीक तुकडा) पुसावा लागतो, आणि पुसण्याआधी त्यातला कामाचा डेटा दुसरीकडे हलवावा लागतो. रिकामी जागा भरपूर असेल तर ही हलवाहलव तुम्हाला कळतही नाही. जागा संपत आली की प्रत्येक छोट्या लिखाणामागे ती करावी लागते. ६४ जीबीच्या टॅबलेटमध्ये सिस्टमच १५ ते २० जीबी खाते, अ‍ॅप्स दर अपडेटला फुगत जातात, फोटो आणि डाऊनलोड वेगळेच. मग ‘टॅबलेट जुना झाला’ असं आपण म्हणतो, पण तो खरं तर भरलेला असतो. निदान १५ टक्के जागा कायम मोकळी ठेवा. मेमरी कार्डाने ही अडचण अर्धीच सुटते. व्हिडिओ आणि पीडीएफ कार्डावर जातात, अ‍ॅप्स आणि त्यांचा डेटा मात्र आतच राहतो. आयपॅडला कार्डाची खाचच नाही, म्हणून तिथे स्टोरेज सुरुवातीलाच पुरेसं घ्यावं.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. आठ कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) आहेत, एवढ्याने काही कळत नाही. आठही कोर कॉर्टेक्स-ए५३ असतील तर ते डिझाइन २०१२ चं आहे, ते घेऊच नका. दोन ए७६ आणि सहा ए५५ अशी जोडी (उदाहरणार्थ मीडियाटेकची हेलिओ जी९९) आईच्या कामाला भरपूर आहे. मुलीच्या कामालाही चालेल, पण पाच वर्षांचा विचार करता त्याहून वरची बरी.

अपडेटच्या बाबतीत बहुतेक लोक एकच चूक करतात. मुदत मॉडेल बाजारात आलं त्या दिवसापासून मोजली जाते, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. सॅमसंगने गॅलेक्सी टॅब एस९ ला २०२३ मध्ये चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षा अपडेट कबूल केले. म्हणजे तो कधीही घेतला तरी शेवट २०२८ च्या सुमारास. २०२४ च्या टॅब एस१० मालिकेला सात आवृत्त्या आणि सात वर्षं, म्हणजे २०३१. मागच्या वर्षीचं वरचं मॉडेल सवलतीत घेणं हा मधल्या किमतीत चांगला टॅबलेट मिळवण्याचा उत्तम मार्ग आहे आणि तो मी तुम्हाला आवर्जून सुचवेन, पण उरलेली वर्षं मोजून. सवलत मोठी आणि उरलेली मुदत दोन वर्षं, तर तो सौदा फसवा आहे. अ‍ॅपल आयपॅडसाठी आधी वर्षं सांगत नाही, पण आजवरचा क्रम चांगला आहे. २०१४ चा आयपॅड एअर २ आयओएस ८ घेऊन आला आणि आयपॅडओएस १५ पर्यंत गेला. निनावी कंपन्यांच्या टॅबलेटला बहुधा एकही मोठी आवृत्ती मिळत नाही. सेटिंग्जमध्ये अँड्रॉइडचा खोटा आकडा दाखवणारेही सापडतात.

अपडेट थांबलं म्हणून टॅबलेट त्या दिवशी बंद पडत नाही. आधी बँकेची अ‍ॅप्स नकार देतात, मग ब्राउझर मागे पडतो. क्रोमने २०२५ मध्ये अँड्रॉइड ८ आणि ९ सोडले, आवृत्ती १३८ ही त्यांच्यासाठी शेवटची. तुमचा कपाटातला टॅबलेट यातच येतो. तो फॅक्टरी रीसेट करून, मोजकी दोन-तीन अ‍ॅप्स ठेवून, डाऊनलोड केलेले व्हिडिओ बघायला वापरता येईल. त्यावर बँक, ईमेल किंवा पासवर्ड मात्र ठेवू नका. व्हिडिओ कॉलसाठी तो आईला देऊ नका. ३ जीबी रॅमवर कॉल मध्येच तुटेल आणि आई समजेल की आपलंच काहीतरी चुकलं.

मुलीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग पडदा आणि पेन हा आहे, आणि मधला टॅबलेट सुचवण्याचं माझं खरं कारणही तेच. १०.१ इंचावर १२८० गुणिले ८०० पिक्सेल म्हणजे इंचाला १४९. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये इतक्या पिक्सेलवर जोडाक्षरं चिकटतात, रफार आणि अनुस्वार पुसट होतात. मग झूम करायचं, पान सरकवायचं, परत मागे यायचं. तीन तास असं वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. त्याच आकारात १९२० गुणिले १२०० असेल तर इंचाला २२४ मिळतात, ही किमान पायरी समजा. १०.९ इंची आयपॅडवर २६४ आहेत. पडद्याचा उजेड निट्समध्ये मोजतात; ४०० निट्सच्या खालचा पडदा खिडकीशेजारी आरशासारखा वाटतो.

दुसरा मुद्दा लॅमिनेशनचा. लॅमिनेटेड पडद्यात वरची काच आणि खालचं पॅनेल चिकटवलेलं असतं, त्यामुळे पेनचं टोक आणि उमटणारी रेघ एकाच जागी दिसतात. नसेल तर मध्ये हवेची फट राहते, रेघ टोकापासून किंचित दूर उमटल्यासारखी वाटते आणि प्रतिबिंबंही जास्त पडतात. साधा आयपॅड (दहावी पिढी आणि २०२५ चा ए१६) लॅमिनेटेड नाही, आयपॅड एअर आहे. नोट्ससाठी ही फट चालून जाते, चित्रकलेसाठी खुपते. तिची दुसरी बाजूही आहे: लॅमिनेटेड नसलेल्या पडद्याची नुसती काच बदलता येते, लॅमिनेटेड फुटला तर अख्खा जोड बदलावा लागतो आणि दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो.

स्वस्त टॅबलेटसोबत ‘पेन फ्री’ मिळतो तो बहुधा रबरी किंवा चकतीच्या टोकाचा असतो. टॅबलेटला तो बोटासारखाच वाटतो. त्यामुळे तळहात टेकला की तिथेही रेघ उठते, आणि लहान अक्षरात लिहिणं अशक्य होतं. टॅबलेटच्या कंपनीचाच अ‍ॅक्टिव्ह पेन, म्हणजे टॅबलेटला बोटापासून वेगळा ओळखता येणारा, हवा. सॅमसंगचा एस पेन लिहिण्यासाठी चार्ज करावा लागत नाही, कारण त्याला ऊर्जा पडद्याखालच्या थरातून मिळते. रोज नोट्स काढणाऱ्याला ही मोठी सोय आहे. अ‍ॅपलच्या यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही. हस्ताक्षराला त्याने फारसा फरक पडत नाही, चित्रं काढणार असाल तर ती टाळा. पेनची किंमत टॅबलेटच्या किमतीत धरूनच तुलना करा, कारण एस पेन अनेकदा खोक्यातच येतो आणि अ‍ॅपलची पेन्सिल वेगळी घ्यावी लागते.

बॅटरी झिजणार, हे धरूनच चाला. अ‍ॅपल आयपॅडसाठी १,००० पूर्ण चार्जनंतर ८० टक्के क्षमता सांगतं. स्वस्त बॅटरी साधारण ५०० ला तिथे पोचतात. मुलीचा रोज एक पूर्ण चार्ज झाला तर ५०० म्हणजे जेमतेम दीड वर्ष. आईच्या टॅबलेटचा धोका वेगळा आहे. तो दिवसभर चार्जरलाच लागलेला राहील, आणि १०० टक्क्यांवर गरम राहणं लिथियम बॅटरीला सगळ्यात वाईट. त्याने ती फुगतेही. बॅटरी प्रोटेक्शन नावाची सेटिंग असेल तर ती ८० किंवा ८५ टक्क्यांवर लावून द्या. कधी पडद्याची कड उचललेली दिसली तर टॅबलेट बंद करा, चार्जिंग थांबवा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका आणि सर्व्हिस सेंटरला द्या. चार्जरही तपासा: ७,००० एमएएच म्हणजे साधारण २७ वॉट-तास, १० वॉटच्या चार्जरने त्याला साडेतीन तास सहज लागतात.

दुरुस्तीबाबत घेण्याआधीच सर्व्हिस सेंटरला फोन करून विचारा: या मॉडेलची बॅटरी बदलायला किती लागतील, पडद्याला किती, भाग हाताशी आहे की मागवावा लागेल. आकडा सांगता येत नसेल तर तेच उत्तर समजा. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून टॅबलेटसाठी नियम लागू आहेत: विक्री थांबल्यावर सात वर्षं सुटे भाग, किमान पाच वर्षं सिस्टम अपडेट आणि ८०० चार्जनंतरही ८० टक्के टिकणारी बॅटरी. तिथल्या ऊर्जा लेबलवर बॅटरीची चार्जसंख्या, पडण्याला तोंड देण्याची क्षमता आणि दुरुस्तीसुलभतेची श्रेणी छापलेली असते. तुम्ही कुठेही राहत असलात तरी तुमच्या मॉडेलचं ते लेबल इंटरनेटवर शोधून बघा. विकणाऱ्याच्या बोलण्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

दुकानात ठेवलेल्या नमुन्यावर वीस मिनिटं घालवा. सेटिंग्जमध्ये ‘टॅबलेटविषयी’ उघडून सुरक्षा अपडेटची तारीख बघा. सध्या विकल्या जाणाऱ्या मॉडेलवर ती सहा महिन्यांहून जुनी असेल तर कंपनीचं लक्ष नाही. ब्राउझरमध्ये सहा-सात टॅब उघडा, व्हिडिओ लावा, पडदा दोन भागांत करून पीडीएफ उघडा, मग पहिल्या टॅबवर परत जा. पान पहिल्यापासून लोड होऊ लागलं तर रॅम कमी पडतेय. शंभर-दीडशे पानांची स्कॅन पीडीएफ मुलीने सोबत न्यावी आणि भराभर उलटून बघावी. पेन देत असतील तर तळहात टेकवून, अगदी सावकाश, तिरक्या रेघा ओढायला सांगा. सरळ ओढलेली रेघ नागमोडी उमटत असेल तर तो पेन अक्षर बिघडवणार. आईच्या टॅबलेटसाठी समोरचा कॅमेरा कोणत्या कडेला आहे ते बघा. टॅबलेट आडवा धरून बोलताना कॅमेरा लांब कडेच्या मधोमध हवा. आखूड कडेला असेल तर कॉलवर आई कायम दुसरीकडेच बघतेय असं दिसतं.

आणखी एक बारीक गोष्ट: अँड्रॉइडमध्ये व्हिडिओ अ‍ॅप्स पूर्ण दर्जाचं चित्र फक्त वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारी गूगलची यंत्रणा) एल१ पातळीची असलेल्या टॅबलेटवर दाखवतात. एल३ असेल तर पडदा कितीही चांगला असो, चित्र साधारण ४८० पी वरच अडकतं. डीआरएम इन्फोसारख्या फुकट अ‍ॅपने ते मिनिटभरात कळतं.

घरी आणल्यावर खोकं आणि बिल जपून ठेवा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत तीन गोष्टी करा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट’ उघडून टॅबलेट गूगलकडून प्रमाणित असल्याचं बघा. डेव्हचेकसारख्या अ‍ॅपने खरी रॅम आणि प्रोसेसर बिलाशी ताडून पाहा. आणि सगळी अपडेट टाकून झाल्यावर मुलीला सलग दोन दिवस तिचं नेहमीचं काम त्यावर करू द्या; पहिल्या आठवड्यातच अडखळणारा टॅबलेट पुढे सुधारत नाही, तो परत करा.